एक तोळा शिसं

ये. चपला बाहेर काढ आणि त्या बाकावर बस. खुर्ची नको, बाकच. तुमच्याच वर्गातला आहे तो. शाळेत नवे बाक आले तेव्हा जुने मोडीत निघाले, त्यातला हा एक मी उचलून आणला. कडेला कर्कटकाने कोरलेलं तुझं नाव अजून वाचता येतं. त्या वेळी त्याबद्दल दोन छड्या खाल्ल्या होत्यास. आज छडी नाही, पण बसायची जागा तीच.

परवा रात्री तुमच्या वाडीत उकडहंडी लागली होती. लग्नघर, पाहुणे, शेकोटी, आणि मधोमध तू. मोबाइलवर डोंगरांचे फोटो दाखवत होतास. डेन्व्हरपासून चार तासांवरचं कुठलंसं रान, ऑक्टोबरातला बर्फ, नारिंगी जाकीट घातलेला तू. पोरं घोळका करून ऐकत होती. ‘साडेचारशे यार्डांवरून एल्क मारला, सर,’ असं तू मला सांगितलंस. मी विचारलं, शिंगं कुठं आहेत? मांस किती निघालं? तर म्हणालास, ‘सापडला नाही. अंधार पडला.’ आणि लगेच पुढे, ‘काडतूस कमी पडलं, सर. पुढच्या वर्षी .३०० सोडून .३३८ घेणार. तुमचं काय मत?’

तुझी आई समोर वाढत होती, म्हणून मी हंडीतल्या कोनफळाकडे लक्ष दिलं. आता मत ऐक.

मी विज्ञान शिकवायचो, पण एवढं व्याकरण मलाही कळतं. ‘मारला’ म्हणायला जनावर हाती यावं लागतं. हाती आलं नाही तर तू त्याला जखमी केलंस, एवढंच खरं. साडेतीनशे किलोपर्यंत भरणारा नर, पोटात भोक घेऊन, बर्फातून रात्रभर चालत राहिला असेल, आणि तू गाडीत हीटर लावून हॉटेलवर गेलास. कमी पडलं ते काडतूस नव्हे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुला चौथीत पाठ होती. अर्थ आज कळतोय का बघू.

तुझ्या .३०० विंचेस्टर मॅग्नममधली गोळी किती ग्रेनची? एकशे ऐंशी. ग्रेन म्हणजे काय? बघ, गप्प बसलास. इंजिनियर झालास आणि ज्या वजनाने जनावर मारायला निघालास ते वजन ठाऊक नाही. तुझ्या आजीला ठाऊक असतं. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा कायद्याने बांधला तो नेमका १८० ग्रेनचा. राणीछाप चांदीचा रुपया तेवढ्याच वजनाचा. हल्ली सराफ सरळ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण जुना तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. तुझी आई बहिणीच्या गळ्यासाठी ज्या मापाने सोनं मोजते आहे, त्याच मापाचं, फक्त जुन्या वजनाचं, एक तोळा शिसं, वर तांब्याचं पातळ कवच. गोळी म्हणजे एवढंच. बाकी सगळं काम ते शिसं नेणाऱ्या माणसाचं.

आता गणित कर. .३०-०६ हे काडतूस अमेरिकी लष्कराने १९०६ साली घेतलं, म्हणून सालच नावात राहिलं. ते हा एक तोळा सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने फेकतं. तुझं मॅग्नम १९६३चं. ते तोच तोळा ९०० मीटरने फेकतं. अर्धा एम व्ही वर्ग. मांड फळ्यावर, फळा नसेल तर हातावर. पहिल्याचे सुमारे ३,९०० जूल, दुसऱ्याचे ४,७००. वीस टक्के जास्त. छान. आता न्यूटनचा तिसरा नियम कोण सांगणार? तूच सांग. बरोबर. एकाच वजनाच्या रायफली धरल्या, तर खांद्यावर येणारा धक्का तीस टक्क्यांच्या आसपास वाढतो, कारण गोळीच्या मागून जास्तीची दारूही नळीतून बाहेर फेकली जाते. म्हणजे गोळीला वीस आणि खांद्याला तीस. असा सौदा तुझ्या वाडीतल्या चिकूच्या व्यापाऱ्याने केला असता तर तुम्ही त्याला गेटच्या आत घेतला नसता.

ज्याचा खांदा दगडासारखा असतो त्याला तो परवडतो. तुझा तसा नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, पाहिलंय.

नववीतला एनसीसीचा कॅम्प आठव. पॉइंट टू-टू रायफल, पंचवीस यार्ड, पोटावर झोपून पाच गोळ्या. तुझ्या तीन कागदावर आणि दोन मागच्या मातीच्या बांधात. पॉइंट टू-टूचा धक्का तो काय? खांद्याला चिमटासुद्धा बसत नाही. तरी घोडा दाबायच्या आधी तू डोळे मिटायचास. मी तुझ्या नकळत एक फुसकं काडतूस भरून दिलं. तू घोडा दाबलास, बार झालाच नाही, आणि तरी नळी खाली हिसकली. सगळी तुकडी हसली. मी हसलो नाही. तुझ्या कानात म्हणालो होतो, ‘बाळ, नेम चुकला तो बाराच्या आवाजाने नाही. बार व्हायच्या आधीच तुझ्या मनाने चुकवला.’ हे दुखणं बरं होतं. फुसकी काडतुसं मधे मधे मिसळून महिनाभर सराव केला की जातं. तू कॅम्प संपल्यावर पुन्हा रायफलीला हात लावला नाहीस.

आता डॉलर आले, दुकानात गेलास, आणि काचेतलं सगळ्यात मोठं काडतूस मागितलंस. ज्याला पॉइंट टू-टूची धास्ती त्याने .३०० घेतली. त्या .३००ने नेम चुकवला म्हणून आता .३३८. डॉक्टरने रोग तपासायचा नाही आणि औषध लागू पडत नाही म्हणून डोस वाढवत जायचा, त्यातली गत.

आणि साडेचारशे यार्ड! तू कुठल्या गावचा आहेस रे? बोर्डीचा ना? दुपारचा वारा सुटला की सुरूचे शेंडे कसे वाकतात, होडीचं तोंड कुठे धरावं लागतं आणि ती कुठे जाऊन लागते, हे बघत तू वाढलास. वारा बघायला इथल्या पोराला यंत्र लागू नये. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे सुरूची डहाळी नुसती हलावी एवढाच, साडेचारशे यार्डांवर तुझी गोळी साधारण दीड वीत बाजूला नेतो. एल्कचं काळीज-फुफ्फुसाचं ठिकाण केवढं? जेवणाच्या मोठ्या ताटाएवढं. ताटाच्या मध्यावर नेम धरला आणि गोळी दीड वीत सरकली, की ती ताटाबाहेर. शिवाय तेवढं अंतर कापायला तिला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्तच वेळ लागतो. तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल पुढे टाकतं. पाऊल पुढे पडलं, वारा जनावराच्या तोंडाकडून आला, तुझे डोळे मिटलेले. गोळी पोटात गेली यात नवल काय? त्या जागी .३३८ची गोळी असती तर तीही पोटातच गेली असती. भोक थोडं मोठं झालं असतं, इतकंच.

‘मग निवडायचं कसं?’ हे तू आधी विचारायला हवं होतंस. जनावर कोणतं, गोळी कशी, आणि तू किती पाण्यात आहेस, या क्रमाने निवडायचं. दुकानदार हाच क्रम उलटा करतो, कारण त्याला काडतूस विकायचं असतं.

जनावर बघ. तिकडचं हरीण म्हणजे साधारण आपल्या चितळाच्या नराएवढं किंवा थोडं थोराड. त्याला १९५५चं .२४३ पुरतं, तुम्हा पोरांचं लाडकं २००७चं ६.५ क्रीडमूर पुरतं, १९२५चं .२७० आणि १९५२चं .३०८ तर पुरून उरतं. एल्क हे निराळं प्रकरण. काश्मिरातल्या हंगुलाचा तो भाऊबंद, पण अंगाने आपल्या थोराड सांबरालाही मागे टाकणारा. खांद्याचं हाड जाड, कातडं जाड, आणि जीव चिवट. त्याला .२७० पासून वर, चांगली गोळी भरलेलं कुठलंही चालतं. .३०-०६ तर शंभर वर्षं चाललेलं आहे. तुमच्या कोलोरॅडोचा नियमच बघ. रायफल निदान ६ मिलिमीटरची हवी. गोळी हरणासाठी निदान ७० ग्रेनची, एल्कसाठी ८५ची. शंभर यार्डांवर तिच्यात निदान १,००० फूट-पाउंड जोर उरलेला हवा. आणि गोळी उमलणारी हवी. सरकारने मॅग्नमची सक्ती केलेली नाही. ती तुझी तूच करून घेतलीस.

गोळीचं मात्र ऐकून ठेव, कारण खरा फरक तिथे पडतो. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी टोक उघडं ठेवलेली, अंगात शिरल्यावर उमलणारी गोळी केली. ती इतकी कुप्रसिद्ध झाली की १८९९ सालच्या हेग परिषदेने लढाईत उमलणारी गोळी वापरू नये असा जाहीरनामा काढला. आणि शिकारीचे नियम काय म्हणतात? उमलणारीच वापरा. हे उलटं का? लढाईत शिपाई जखमी होऊन बाजूला झाला तरी काम भागतं, पुरं मरण कुणाला हवंय? शिकारीत निम्मं मरण हेच पाप. तिथे जनावर उभ्या जागी संपलं पाहिजे, नाहीतर घोड्याला हात लावायचा नाही. एकाच गोळीला एका ठिकाणी बंदी आणि दुसऱ्या ठिकाणी सक्ती, आणि दोन्हींमागे एकच कळवळा. परीक्षेत हा प्रश्न घातला असता तर तू गोळीचा व्यास लिहून आला असतास.

पण उमलली म्हणजे झालं असंही नाही. कातड्यावरच फुटून चुरा झाली तर ती आत पोचतच नाही. जॉन नॉस्लर नावाचा एक माणूस होता. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूस मारायला गेला, हातात .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम. म्हणजे तुझ्याच जातीचं मोठं काडतूस. मूसच्या अंगावर चिखल वाळून कडक झालेला. गोळ्या वरच्यावर फुटल्या, आत गेल्याच नाहीत. तू असतास तर .४५८ विकत घेतली असतीस. तो घरी आला आणि गोळीचाच विचार करत बसला. गोळीच्या पोटात मधोमध तांब्याच्या कवचाची एक आडवी भिंत घातली. पुढचा भाग उमलतो, मागचा तसाच पुढे घुसतो. १९४८ पासून ती गोळी बाजारात आहे. जोर आधीही भरपूर होता, तो नीट पोचत नव्हता. हा फरक ज्याला कळला त्याने कारखाना काढला. ज्याला कळत नाही तो मॅग्नम काढतो.

आणि गोळी लांबट असावी. गोणपाट शिवायला आपण दाभण घेतो, खिळा घेत नाही. दोन्हींचं वजन सारखं असलं तरी दाभण आरपार जातं, कारण सगळं वजन छोट्या तोंडामागे उभं असतं. एकाच वजनाची गोळी बारीक नि लांब असली की ती खोल जाते आणि वाऱ्याला कमी जुमानते, हे त्यामुळेच.

जिम कॉर्बेट वाचला होतास ना? माझ्याकडूनच नेलं होतंस पुस्तक, परत आलेलं नाही. १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल त्याला .२७५ रिग्बी भेट मिळाली. ७ मिलिमीटरची, तुझ्या मॅग्नमपुढे नाजूक म्हणावी अशी. १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक त्याने तिनेच मारला. बिबट्या एल्कएवढा नसतो, हे मलाही कळतं. मी सांगतोय ते दुसरंच. साडेचारशे यार्डांवरून त्याने तो मारला नाही. आंब्याच्या झाडावर कित्येक रात्री बसून राहिला, बिबट्या पायाखाली येईपर्यंत. जवळ जाता येणं ही शिकाऱ्याची विद्या आहे. लांबून मारता येणं ही कारखान्याची. तू दुसरीचं बिल भरून पहिलीची फुशारकी मारतोस.

आता शेवटचं, तू किती पाण्यात. तिकडे गेल्यावर कागदी ताटल्या घे, वाढदिवसाला आणतात त्या, वीतभर रुंदीच्या. रेंजवर जा. बाकावर वाळूच्या पिशव्या रचून नाही. रानात तुझ्यासाठी बाक कुणी ठेवलेला नसतो. मांडी घालून, गुडघा टेकून, उभं राहून मार. शंभर यार्डांवर पाचापैकी पाच ताटलीत पडल्या की दीडशेवर जा, मग दोनशेवर. जिथे पाचवी ताटलीबाहेर गेली त्याच्या अलीकडचं अंतर हे तुझं. एल्कचं ताट या ताटलीहून मोठं आहे म्हणून सूट घेऊ नकोस. ती सूट वाऱ्याची, धापेची आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांची आहे. तो आकडा चिकटपट्टीवर लिही आणि दस्त्यावर लाव, गालाला टोचेल अशा जागी. त्यापुढे दिसलेल्या जनावराला रामराम करायचा. काडतूस निवडणं म्हणजे हेच. आपण कुठे थांबणार हे आधी ठरवायचं, मग तेवढ्यापुरतं काडतूस घ्यायचं. आणि ती रायफल विकू नकोस, बदलूही नकोस. आधी एक पॉइंट टू-टू घे आणि नववीत अर्धवट टाकलेला धडा पुरा कर.

झालं? नाही, उठू नकोस. इथवरचं सगळं मी तुला उद्या लग्नाच्या मांडवातसुद्धा हसत सांगू शकलो असतो. त्यासाठी तुला पहाटे निरोप धाडला नसता.

काल रात्री माझ्या ओट्यावर एक जण येऊन बसला. चहा दिला तर घेईना. बऱ्याच वेळाने बोलला. ‘सर, शुक्रवारी रात्री त्यांना बारडाच्या डोंगराच्या बाजूला न्यायचंय. भेकर दाखवायचंय. काकांची दुनळी आहे म्हणाले, एलजीची चार काडतुसं आहेत, जीप आहे. मी नाही कसं म्हणू? त्यांच्या वाडीत चिकू उतरवतो.’

‘त्यांच्या’. ऐकलास तो शब्द? याच बाकावर तो तुझ्या उजव्या हाताला बसायचा. तेव्हा तू त्याला अरे म्हणायचास आणि तो तुला. एनसीसीच्या त्या कॅम्पात त्याच्या पाच गोळ्या चहाच्या बशीखाली झाकल्या गेल्या होत्या. पुढे दहावीनंतर तो कामाला लागला, तू रुइया कॉलेजला गेलास. यात तुझा दोष नाही. दोष परवा रात्रीचा आहे. ताडीचा ग्लास त्याच्या हातात देऊन तू त्याला जे विचारलंस, ते विचारणं नव्हतंच. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला विचारलं म्हणजे ती आज्ञा झाली.

तुला कायदा माहीत नाही असं सांगू नकोस. कोलोरॅडोची शिकारीची पुस्तिका तू पाठ करून बसलास. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्ताच्या अर्धा तास नंतरपर्यंतच बार काढायचा, ५०० चौरस इंच नारिंगी कापड अंगावर हवं, जखमी जनावराचा माग काढायचा, खाण्याजोगं मांस वाया घालवायचं नाही. एकेक कलम तू परवा पोरांना कौतुकाने सांगत होतास. मग इथला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचायला काय झालं? त्यात शिकारीची व्याख्या आहे, आणि नुसता प्रयत्नही त्या व्याख्येत येतो. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचा परवाना नावाचा कागदच या देशात उरलेला नाही. शेतात रानडुकरांनी धुमाकूळ घातला तरी शेतकऱ्याला वनखात्याची लेखी परवानगी लागते, तुझं भेकर तर बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात. बंदुकीचा परवाना काकांच्या नावावर आहे, खानदानाच्या नाही. तो पिकाच्या राखणीसाठी आहे, पाहुण्यांच्या करमणुकीसाठी नाही.

आणि ही शिकार तरी कसली? जीपच्या उजेडात दोन डोळे चमकणार. ते भेकराचे, चौशिंग्याचे, बिबट्याचे की पाड्यावरच्या कुणाच्या वासराचे, हे तू ओळखणार? तुझे स्वतःचे तर बार व्हायच्या आधीच मिटतात. चौशिंगा किंवा बिबट्या निघाला तर तीन ते सात वर्षं कैद आणि निदान २५,००० रुपये दंड. दुसरं कुठलं वन्य जनावर निघालं तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जीप जप्त, बंदूक जप्त. एलजीचे छर्रे तीस-पस्तीस पावलांपलीकडे पांगतात. म्हणजे भेकर मरायचं नाही, तंगडी मोडून झाडीत शिरायचं. कोलोरॅडोत जे केलंस तेच इथे, फक्त काडतूस बदलून.

आता मला एक सांग. शुक्रवारी रात्री वनखात्याची गाडी आडवी आली तर कोण सापडणार? तू? तुझं रविवारचं विमान आहे. तुझ्या घरात वकील आहे, ओळखीपाळखी आहेत. बॅटरी धरून पुढे चालणारा तो, वाट दाखवणारा तो, त्याच्या पायात धड बूटही नाहीत. पंचनाम्यात पहिलं नाव त्याचं. डहाणूच्या कोर्टात तारखेमागून तारखा त्याच्या. ज्या दिवशी तारीख त्या दिवशी मजुरी बुडाली. तू तिकडे पुढच्या ऑक्टोबरची तिकिटं काढत असशील, आणि इथे त्याची बायको वाडीच्या फाटकात उभी असेल. फाटक कुणाच्या वाडीचं, ते मी सांगायला नको.

तू कुठल्या मातीवर उभा राहून हे बोललास, याचा विचार तरी केलास? इथून हाकेच्या अंतरावर, झरीला, मे १९४५ मध्ये वारली जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. जमीनदाराने हाक मारली की फुकट राबायला जायचं, हे त्यांनी बंद केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. हा इतिहास तुला मी शिकवला. वेठ म्हणजे फक्त शेतातली नांगरट नव्हे रे. ज्याला नकार परवडत नाही त्याला आपल्या हौसेला जुंपणं, तीही वेठच. तू ताडी पाजून मागितलीस, म्हणून ती दोस्ती होत नाही.

आता तुझ्या लक्षात येईल की मी दोन गोष्टी बोललोच नाही, एकच बोललो. बर्फातल्या त्या नराने तुझ्या हौसेची किंमत मोजली. शुक्रवारी ती किंमत भेकर मोजणार होतं आणि त्याच्याबरोबर तुझा बाकावरचा सोबती. दोन्हीकडे बार तुझा आणि जखम दुसऱ्याची. ज्याला हे हिशेबात धरता येत नाही त्याने .२२ हातात घेऊ नये, .३३८ तर लांबच राहिली.

रडू नकोस. एवढा बाप्या झालास. तू वाईट मुलगा असतास तर मी तोंड उघडलं नसतं, वनखात्याला फोन केला असता. तो अजूनही करू शकतो, हे ध्यानात ठेव.

आता घरचा अभ्यास. इथून निघालास की घरी जाऊ नकोस, त्याच्या पाड्यावर जा. जीप रस्त्यावर ठेव आणि चालत जा. त्याला वाडीत बोलावून घ्यायचं नाही, तू त्याच्या अंगणात जायचं. खाली बसायचं. शुक्रवारचं रद्द असं सांगायचं आणि चूक माझी असंही सांगायचं. पैसे द्यायचे नाहीत. काकांना म्हणावं, कुलूप नीट लावा. परवा ज्या पोरांना फोटो दाखवलेस त्यांना उद्या मांडवात एवढंच सांग, की एल्क मारला नव्हता, जखमी केला होता आणि हरवला. हे वाक्य तुला कुठल्याही मॅग्नमपेक्षा जड जाईल. खांदा घट्ट धर.

आणि तिकडे पोचल्यावर, ताटल्यांवर मारून झाल्यावर, तो आकडा मला कळव. दीडशे यार्ड लिहिलास तरी मला कमीपणा वाटणार नाही. साडेचारशे लिहिलास तर मात्र पुन्हा या दारात येऊ नकोस.

ऊठ, चपला घाल. बाक आहे तिथेच राहू दे. संध्याकाळी त्यालाही चहाला बोलावलंय, आणि दोघांना एकाच बाकावर बसावं लागणार आहे. उजवी बाजू त्याची.